वेशीवरचा आडवा बांबू



२०२० सालची आषाढी तुम्ही विसरला नसाल. देहू-आळंदीहून प्रस्थान झाले, पण पालखी चालली नाही. पादुका जागच्या जागी थांबल्या आणि दशमीला एस.टी.च्या गाडीतून पंढरीला गेल्या. १ जुलैला एकादशी झाली तेव्हा चंद्रभागेचे वाळवंट मोकळे होते. ज्यांच्या घरातली वारी पिढ्यान् पिढ्या चुकली नव्हती, त्यांनी देवघरापुढे टाळ वाजवला आणि डोळे पुसले. त्या विरहाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. आज मी तुम्हाला त्या आषाढीच्या तीन महिने आधी, चैत्राच्या तोंडाशी, महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला घेऊन जाणार आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत. तिथे त्या दिवसांत जे घडले त्याचे आपल्या दिंडीशी जवळचे नाते आहे, असे मला वाटते. कसे, ते पुढे येईलच.

हा सगळा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. त्या दिवशी गडचिरोली वेगळा झाला. मुंबई-पुण्याच्या माणसाला इथल्या अंतरांची कल्पना येत नाही. गडचिरोली जिल्हा चौदा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, आणि २०११ च्या जनगणनेत तिथली माणसे जेमतेम पावणेअकरा लाख. बाकी सारे जंगल, नद्या आणि धानाच्या बांध्या. वैनगंगा उत्तरेकडून येते, मार्कंड्याच्या देवळाला वळसा घालते, पुढे चपराळ्याला वर्धा तिला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगण.

धान निघाले की इथल्या माणसाला पावसाळ्यापर्यंत हाताला काम नसते. मोहफूल मार्च-एप्रिलमध्ये, तेंदूपत्ता मे महिन्यात. मधल्या दिवसांत हजारो माणसे नदी ओलांडून तेलंगणात मिरची तोडायला जातात. नवरा-बायको जातात, बरोबर शाळेतली पोरेही जातात, घरी म्हातारी माणसे राहतात. हातात दोन पैसे येतात, त्यावर पेरणीचा खर्च निघतो. २०२० मध्येही माणसे अशीच गेली होती. फेब्रुवारीत महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा नेहमीसारखी भरली होती. महिनाभरात चित्र पालटले. गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री, २४ मार्चला, देश बंद झाल्याचे जाहीर झाले. चंद्रपूरच्या महाकालीची चैत्रातली यात्रा, जिला नांदेडकडून, मराठवाड्यातून भक्तांची रीघ लागते, ती भरलीच नाही. आणि मिरचीच्या शेतात राहिलेली माणसे तिथेच अडकली. रेल्वे नाही, बस नाही, मालकाकडे काम नाही.

मग माणसे चालत निघाली. रस्त्यावर पोलीस अडवत, म्हणून जंगलातून. माउली, चालणे काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको. पण आपण चालतो तेव्हा पुढच्या मुक्कामी भाकरी तयार असते, पायाला तेल लावणारे कोणी असते, आपल्या तोंडी नाम असते. ही माणसे चालली ती पोटाशी पोर धरून, पुढच्या गावात कोणी पाणी देईल की नाही या धास्तीने. शेजारच्या छत्तीसगडातल्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक मुलगी अशीच तेलंगणातल्या मिरचीच्या शेतातून निघाली. तीन दिवस चालली आणि घर थोडक्यावर आले असताना एप्रिलमध्ये वाटेतच गेली. तिची बातमी तेव्हा देशभर छापून आली होती. तिचे नाव इथे लिहीत नाही. तिच्या आईबापांना ते पुरे आहे.

जी पोहोचली, त्यांना आपल्याच गावाच्या वेशीवर आडवा बांबू दिसला.

त्या चैत्रात महाराष्ट्रातल्या असंख्य गावांनी वाटा बंद केल्या होत्या. कुठे काटेरी फांद्या, कुठे दगड, इथे बांबू. बाहेरच्याने आत यायचे नाही, आतल्याने बाहेर जायचे नाही. भीती खरी होती. जिथून दवाखाना तीस-चाळीस किलोमीटरांवर, पावसाळ्यात मधला नाला भरला की तोही नाही, तिथल्या माणसाने आजाराला गावाबाहेर ठेवायचा प्रयत्न केला तर त्याला नावे ठेवणारे आपण कोण? पण बांबूच्या पलीकडे आजार उभा नव्हता. भाऊ उभा होता, सून उभी होती, कडेवर लेकरू होते. त्याला आत घ्यावे तर गाव धोक्यात, बाहेर ठेवावे तर तो उपाशी. माझ्या मते त्या साथीतला सगळ्यात कठीण प्रश्न हाच होता, आणि तो मोठ्या शहरांत नव्हे, असल्या शे-दीडशे घरांच्या गावांत सोडवावा लागला.

हा प्रश्न जुना आहे. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना मरीआईचा गाडा ठाऊक असेल. पटकी आली की लहानसा लाकडी गाडा करायचा, त्यात देवीला बसवायची, नैवेद्य ठेवायचा आणि वाजतगाजत शिवेपर्यंत नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेवरून तिसऱ्या गावाच्या शिवेत न्यायचा. मध्य भारतात ही चाल फार दूरवर पसरलेली होती. त्यात भक्ती होती, भीती होती, यात शंका नाही. पण एक कडू हिशेबही होता: माझ्या शिवेतून गेले म्हणजे संपले. पुढच्या गावाचे काय, हे पुढच्या गावाने पाहावे. मी त्या लोकांना हसत नाही. औषध नव्हते, पाणी उकळून प्यावे हे सांगायला कोणी नव्हते. तरी शिवेपलीकडचा माणूस आपला आहे की नाही, हा प्रश्न गाड्याने कधी विचारला नाही.

पुढे १८९६ मध्ये मुंबईला प्लेग आला. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा केला; सव्वाशे वर्षांनी आपल्या राज्याने २०२० मध्ये लावला तो हाच. पुण्यात घरे तपासली गेली, माणसे उचलून छावण्यांत नेली गेली, लोक घरदार सोडून शेतात पाले ठोकून राहिले. त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यात गेल्या. प्लेगने पडलेल्या पोराला त्यांनी पाठीवर घेतले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी ससाण्यांच्या माळावर उघडलेल्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्यांनी देह ठेवला. त्या पोराचे नाव पांडुरंग होते, पांडुरंग बाबाजी गायकवाड. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते तेव्हा हडपसरला विसावते. तिथून मुंढवा हाकेच्या अंतरावर आहे. पुढच्या वारीला तिथून जाताना एवढे आठवले तर बरे.

१९१८ ची साथ तर याहून भयंकर. जून महिन्यात ती मुंबई बंदरात उतरली आणि सप्टेंबरनंतर आगगाडीबरोबर देशभर गेली. आपल्याकडच्या म्हाताऱ्या तिला मानमोडी म्हणत. देशात एक कोटीहून कितीतरी अधिक माणसे गेली. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी भरली; असे त्यानंतरच्या कोणत्याही जनगणनेत पुन्हा घडलेले नाही. मध्यप्रांत आणि वऱ्हाडाची गणना सर्वाधिक पोळलेल्या प्रांतांत होते. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. आता विचार करा, त्या वेळी चांदा जिल्ह्यातल्या एखाद्या जंगलगावाच्या हातात काय होते? जंगल सरकारचे, नाही तर अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांचे. बांबू तोडायचा तर परवानगी, मोह वेचायचा तर कोणाची तरी मर्जी. स्वतःपुरते धान्य ढोलीत असेल तर असेल. घर आजारी पडले तर शेजारी पेज आणून देई. शेजारीही आजारी पडला की ती पेजही बंद. दया होती हो, पण दयेला शिजवायला तांदूळ नव्हते.

आता परत २०२० कडे येऊ. बांबूच्या पलीकडे माणसे उभी आहेत. अनेक गावांत झाले ते असे: ग्रामसभा बसली, अंतर ठेवून, झाडाखाली. ठरले की परत आलेल्यांना गावात एकदम घ्यायचे नाही आणि वाऱ्यावरही सोडायचे नाही. जिल्हा परिषदेची शाळा बंदच होती. तिथे किंवा शेतातल्या मांडवात त्यांनी चौदा दिवस राहायचे. जेवण, पाणी, साबण गावाने पोहोचवायचे. आशाताई रोज लांबून विचारपूस करून जाणार. कोणी नदीच्या पलीकडे अडकले असेल तर त्याला पैसे पाठवायचे. गावातले निराधार म्हातारे, एकट्या बाया यांच्या घरी धान्य टाकायचे.

आणि याला पैसा कुठून आला? सरकारचे रेशन होते, संस्थांची मदत होती, ती नाकारून चालणार नाही. पण रेशनची गाडी येईपर्यंतचे पहिले दिवस कोणी काढले, हा खरा प्रश्न. ज्या ग्रामसभांकडे स्वतःचा निधी होता, त्यांना कोणाची वाट पाहावी लागली नाही. तो निधी आला होता बांबूतून आणि तेंदूपत्त्यातून. वेशीवर जो आडवा बांबू होता, त्याच्याच भावंडांनी बांबूपलीकडच्यांना जेवू घातले, असे म्हटले तरी चालेल.

हे एका दिवसात झालेले नाही. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचे गोंडांचे गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या गावाची. देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबरोबर या गावाने वर्षानुवर्षे एक नेम चालवला: निर्णय बहुमताने करायचा नाही, सर्वांच्या संमतीने करायचा. एकाचेही मन वळले नसेल तर पुन्हा बसायचे. गावात झालेल्या कामाच्या मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोशात टाकायचा. २००६ चा वनहक्क कायदा झाल्यावर २००९ मध्ये गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतुकीचा परवाना मिळेना. तो मिळाला २७ एप्रिल २०११ ला. केंद्राचे वनमंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री त्यासाठी गावात आले. पुढे २०१३ मध्ये गावाने आपली जमीनही ग्रामदानात दिली. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव याच वाटेने गेले. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्काचे पट्टे आहेत. कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली आहे. एका गावाचा कोश आटला तर दुसऱ्या गावाला हाक मारता यावी, हा त्यात एक हिशेब.

इथे मला दामाजीपंत आठवतात. मंगळवेढ्याची ती कथा आपण कीर्तनात कितीदा ऐकली आहे! दुष्काळात पंतांनी कोठार उघडले, भुकेल्यांना धान्य वाटले. कोठार बिदरच्या बादशहाचे होते, म्हणून पंतांच्या हातात बेड्या पडायची वेळ आली, आणि विठू महार होऊन पांडुरंगाला रक्कम भरायला जावे लागले. कथेतली भक्ती मोठीच आहे. पण माझ्या मनात दर वेळी एक विचार येऊन जातो. कोठार मंगळवेढेकरांचे स्वतःचे असते तर? तर पंतांचा जीव टांगणीला लागला नसता, आणि देवालाही बिदरपर्यंत पायपीट पडली नसती. झाडीपट्टीतल्या गावांनी २०२० मध्ये उघडले ते कोठार त्यांचे होते. कुलूप कोणी काढायचे, कोणाला किती द्यायचे, हे झाडाखाली बसलेल्यांनी ठरवले. देव तिथेही होता असेन मी म्हणेन. फक्त त्याला वेष पालटावा लागला नाही.

आता दिंडीचे नाते सांगतो. आपण दिंडीत नाव लिहितो तेव्हा आधी भिशी भरतो. ज्येष्ठात कोणाला भूक लागणार हे ठाऊक नसते, तरी आधीच धान्य, तेल, गूळ ट्रकमध्ये चढते. वाटेत एखाद्याची भिशी भरायची राहिली म्हणून त्याला पंगतीतून उठवत नाहीत. वीणा खाली ठेवायचा नसतो म्हणून तो हातोहात जातो. एक थकला की दुसरा घेतो. गावोगावच्या सप्ताहाला घरटी पायली-दोन पायली धान्य गोळा होते, ते कोणा एकाचे उपकार नसतात. वारी आपल्याला चालायला शिकवते असे आपण म्हणतो. मला वाटते, चालण्याआधी ती साठवायला शिकवते, आणि साठवलेले आपले न मानायला शिकवते. झाडीपट्टीतल्या किती ग्रामसभांनी वारी पाहिली असेल? फारच थोड्या. तिथले देव वेगळे, पूजा वेगळी. पण कोशात आधी टाकायचे आणि मग खायचे, ही रीत त्यांच्यात आणि आपल्यात एकच.

सगळेच गोड झाले असे मात्र समजू नका. ज्या गावांना वनहक्क मिळाला नव्हता किंवा ज्यांच्या निधीचा हिशेब नीट नव्हता, तिथे झाडाखाली बसून ठरवायला काही उरले नव्हते. काही ठिकाणी परत आलेल्यांना शाळाही मिळाली नाही, शेतातच दिवस काढावे लागले. काही घरांशी लोक चौदा दिवसांनंतरही बोलत नव्हते. आजार झालेल्याच्या घराकडे बोट दाखवणे ही आपल्या समाजाची जुनी खोड. याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, बाबा आमट्यांनी १९५१ मध्ये सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन आनंदवनाचे काम मांडले, ते अशाच वेशीबाहेर टाकलेल्या माणसांसाठी. ज्यांना गावांनी बाहेर ठेवले त्यांनी तिथे शेती केली, विहिरी खणल्या, कापड विणले. त्या आनंदवनापासून तासा-दोन तासांच्या अंतरावरच्या गावात सत्तर वर्षांनी माणूस माणसाला टाळत होता, हे लिहिताना मला लाज वाटते.

दुसरी लाट आली तेव्हा, २०२१ च्या एप्रिलमध्ये, ग्रामकोशाची मर्यादाही दिसली. पहिल्या साली मे महिन्याच्या मध्यापर्यंत गडचिरोलीत एकही रुग्ण सापडला नव्हता. या वेळी आजार थेट गावागावात शिरला. चंद्रपुरात खाटा मिळेनात. गाडीत बापाला घालून मुलगा तेलंगणापर्यंत जाऊन आला, तिकडेही जागा नव्हती. ढोलीत धान्य साठवता येते, प्राणवायू साठवता येत नाही. त्यासाठी दवाखाने लागतात, आणि ते सरकारनेच उभे केले पाहिजेत. गावाच्या एकीवर ती जबाबदारी ढकलणे बरे नव्हे.

तरी त्या काळात जे टिकले, ते पुन्हा आधीपासून साठवलेलेच होते, या वेळी पैशाचे नव्हे, विद्येचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला लावली होती. बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, हे १९९९ मध्ये जगापुढे आले. पुढे देशभर आशाताई आल्या त्यामागे ही वाट होती. साथीत दारोदार फिरून ताप मोजणारी, लशीबद्दल उठलेल्या नाना वावड्या एकेका चुलीपाशी बसून खोडणारी बाई बाहेरून आलेली नव्हती. ती त्याच टोल्यावरची सून होती. डॉक्टरने सांगितले असते तर लोकांनी मान डोलावून लस टाळली असती. तिने स्वतः टोचून घेतली आणि दोन दिवसांनी धान रोवताना ती बांधीत दिसली, तेव्हा बाकीच्या बाया उठल्या.

२०२२ मध्ये वारी पुन्हा पायी चालू लागली. १० जुलैला एकादशी होती. त्याआधी मे महिन्यात आपल्या दिंड्यांमध्ये भिशीच्या पावत्या फाटत होत्या, राहुट्यांची ठिगळे पाहिली जात होती, दोन वर्षांत कोण कोण गेले त्यांची नावे वहीतून खोडताना विणेकऱ्यांचा हात थांबत होता. त्याच दिवसांत झाडीपट्टीतल्या तेंदूफळीवर पहाटेपासून बाया बसल्या होत्या. एका पुडक्यात सत्तर पाने. पुडकी उन्हात मांडली जात, मोजली जात, ग्रामसभेच्या वहीत घरवार आकडा चढे. ज्या गावांचा कोश साथीत रिता झाला होता तिथे आकडा लिहिणाऱ्याने आधी कोशाचा हिस्सा वेगळा काढला, मग घरांचा. कोणी हरकत घेतली नाही. वेशीवरचा बांबू तोवर कोणीतरी काढून कुंपणाला लावला होता.